आमच्या बोर्डाची नक्कल निघाली. आतला कोड कुणालाच वाचता येणार नाही अशी मायक्रोकंट्रोलर चिप कोणती?

भारवाही:

मंडळी, जरा लांबण लावतो, पण मागचं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

आम्ही चौघे मिळून बीएलडीसी (ब्रश नसलेली) मोटर चालवणारा कंट्रोलर बोर्ड बनवतो. आत एसटीएम३२एफ१०३ ही मायक्रोकंट्रोलर चिप आहे. हार्डवेअरमध्ये लपवण्यासारखं काहीच नाही, सर्किट कुणीही दोन दिवसांत उतरवून काढेल. जीव ओतलाय तो कोडमध्ये. भाराखाली थांबलेली मोटर उचलताना धक्का बसू नये यासाठी जे काही केलंय, त्यात दोन वर्षं गेली.

मागच्या महिन्यात एका ग्राहकाने आमचाच समजून भलत्याच नावाचा बोर्ड दुरुस्तीला पाठवला. कुतूहल म्हणून सिरीअल पोर्ट लावला, तर स्क्रीनवर आमचेच संदेश. 'ओव्हरकरंट' या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मी एक 'आर' खाल्लाय. ती चूक दोन वर्षं तशीच पडून आहे. यांच्या बोर्डातही तो 'आर' गायब! म्हणजे कुणी बघून नवं लिहिलेलं नाही, चिपमधला कोड जसाच्या तसा उचललाय.

आम्ही प्रोग्रॅम करताना रीड प्रोटेक्शन, म्हणजे आतला कोड बाहेरून वाचू न देणारं कुलूप, लावतो. मग हे बाहेर गेलं कसं? आणि पुढच्या आवृत्तीला अशी कुठली चिप घ्यावी, जी कुणालाच वाचता येणार नाही?

जुनाट_८०५१:

'कुणालाच' हा शब्द काढा, मग बोलू.

चिमटा:

एफ१०३ म्हणालात तर पहिला संशय चिपवरच. या मालिकेत लेव्हल-बिव्हल काही नसतात, रीड प्रोटेक्शन एकतर चालू नाहीतर बंद. चालू असतानाही डिबगर (चिपच्या आत डोकावायचं उपकरण) जोडता येतो. फ्लॅशमधलं, म्हणजे कोड साठवलेल्या मेमरीतलं, काही मागितलं की चिप नकार देते, एवढंच.

२०२० मध्ये मार्क शिंक आणि योहानेस ओबरमायर यांनी दाखवलं की हा नकार 'डेटा' म्हणून मागणाऱ्यालाच मिळतो. एक्सेप्शन (चालू काम मध्येच सोडायला लावणारी घटना) आलं की कोअर, म्हणजे चिपमधला प्रोसेसर, अशा वेळी कुठे जायचं ते पत्ते ठेवलेल्या व्हेक्टर टेबलमधून पुढचा पत्ता स्वतःच उचलतो, आणि ते उचलणं सूचना वाचण्याच्या वाटेने होतं. त्या वाटेवर पहारेकरीच नाही. मग व्हेक्टर टेबल फ्लॅशभर सरकवत न्यायचं, मुद्दाम एकेक एक्सेप्शन घडवायचं आणि प्रोग्रॅम काउंटरमध्ये (पुढच्या सूचनेचा पत्ता ठेवणाऱ्या जागेत) काय येऊन बसलं ते डिबगरने बघायचं. जो आकडा येईल तोच फ्लॅशमधला शब्द. सगळी फ्लॅश निघत नाही, पण बहुतांश निघते.

ना आम्ल, ना मायक्रोस्कोप, ना ग्लिच (व्होल्टेजला मारलेली टिचकी). एक साधा डिबगर आणि थोडा धीर. खोट सिलिकॉनमध्येच आहे, त्यामुळे तुमच्या कोडमधून ती बुजवता येत नाही.

काजवा:

मग एसटीएम३२ ची एफ४ मालिका घ्या आणि संरक्षणाची लेव्हल २ लावा. डिबग पोर्ट, म्हणजे डिबगर जोडायची वाट, कायमचा बंद. विषय संपला की!

चिमटा:

काजवा, विषय तिथे सुरू होतो :)

एसटीएम३२ च्या बहुतेक नव्या मालिकांत रीड प्रोटेक्शनची पातळी ठरवणारा आरडीपी नावाचा एक बाइट असतो. त्यात हेक्स एए असेल तर लेव्हल ० म्हणजे सताड उघडं. सीसी असेल तर लेव्हल २ म्हणजे डिबग बंद. बाकी काहीही असेल तर लेव्हल १: डिबगर जोडला जातो, रॅम दिसते, फ्लॅश दिसत नाही, आणि ० वर परत यायचं तर फ्लॅश आधी पुसली जाते.

आता 'बाकी काहीही असेल तर लेव्हल १' हे नीट वाचा. ० साठी तो नियम चांगला आहे, कारण चुकून एखादा बिट पलटला तर चिप बंदच होते, उघडत नाही. पण लेव्हल २ च्या बाजूने पाहिलं तर सीसीमधला कुठलाही एक बिट पलटला की आपण थेट लेव्हल १ वर. सगळ्यात कडक कुलूप सगळ्यात नाजूक. ओबरमायर आणि टाचनर यांनी २०१७ मध्ये एसटीएम३२एफ० वर नेमकं हेच केलं. चिपचं वरचं आवरण काढलं आणि अतिनील प्रकाशाने ते बिट पलटवले. त्यांनाच त्या चिपमध्ये आणखी एक गंमत सापडली: रीसेटनंतर फ्लॅशचं कुलूप लागायला किंचित उशीर होतो. त्या फटीत डिबगरने घाई केली तर एक शब्द हाती लागतो. पुन्हा रीसेट, पुढचा शब्द. असं करत पूर्ण फ्लॅश.

सोल्डरसम्राट:

चिमटा यांच्या मुद्द्याची उलटी बाजू एनएक्सपीच्या एलपीसी चिपमध्ये बघायला मिळते. तिथे फ्लॅशमध्ये हेक्स २एफसी या पत्त्यावर ३२ बिटांचा एक शब्द असतो. त्यात १२३४५६७८ असेल तर पहिल्या पातळीचं संरक्षण, ८७६५४३२१ असेल तर दुसऱ्या, ४३२१८७६५ असेल तर तिसऱ्या. फक्त आयएसपी (बोर्डावरच चिप प्रोग्रॅम करायची सोय) बंद करायचा एक आकडा वेगळा आहे. दुसरं काहीही असेल तर चिप उघडी. म्हणजे ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटी आकडे मावतात, त्यातले बोटांवर मोजण्याइतके 'बंद' आणि उरलेले सगळे 'उघडं'.

चालू होताना बूट रॉम, म्हणजे चिपमधला कायमचा सुरुवातीचा कोड, हा शब्द वाचतो. नेमकं त्या क्षणी व्होल्टेजला टिचकी मारली आणि वाचताना एक बिट जरी चुकला, तरी चिप म्हणते, 'अरे, इथे तर काही लावलेलंच नाही.' क्रिस गर्लिन्स्की यांनी २०१७ मध्ये हे करून दाखवलं होतं. मी हा प्रकार वाचला तेव्हा दोन मिनिटं हसत होतो. असा तक्ता कुणी, कुठल्या बैठकीत मंजूर केला असेल?

निवांत_नारद:

हे ग्लिच-ग्लिच सगळे म्हणतायत, पण म्हणजे नेमकं काय करतात? मी सॉफ्टवेअरवाला माणूस, व्होल्टेज म्हटलं की मला फक्त चार्जर आठवतो.

सोल्डरसम्राट:

नारद, चिपला ३.३ व्होल्ट देतो असं आपण म्हणतो, पण आतल्या कोअरला त्याहून कमी लागतं आणि ते आतलाच रेग्युलेटर बनवतो. काही चिपमध्ये, उदाहरणार्थ एसटीएम३२ एफ२ किंवा एफ४ मध्ये, या कोअर व्होल्टेजसाठीचा कपॅसिटर बाहेर लावावा लागतो, म्हणजे ती लाइन पायावर आयती मिळते. हल्लेखोर तो कपॅसिटर काढतो, तिथे एक मॉसफेट (झटपट चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) लावतो आणि अगदी थोडे नॅनोसेकंद ती लाइन ग्राउंडला टेकवतो. जास्त वेळ टेकवलं तर चिप रीसेट होते, कमी टेकवलं तर काहीच होत नाही. मधल्या एका अरुंद पट्ट्यात चिप चालू राहते, पण एखादी सूचना चुकते: तुलना खोटी ठरते, उडी मारायची राहते, वाचलेला आकडा बदलतो.

तो पट्टा आणि तो क्षण शोधायला संगणक रात्रभर हजारो वेळा प्रयत्न करत बसतो. माणूस झोपतो, बोर्ड रीसेट होत राहतो. व्होल्टेज पडलं की चिप थांबवणारा ब्राउन-आउट डिटेक्टर असतो हो, पण त्याचा प्रतिसाद मायक्रोसेकंदांच्या घरात, आणि टिचकी त्याच्या कितीतरी आधी येऊन गेलेली असते.

चिमटा:

याची मोठी उदाहरणं सगळ्यांना ओळखीची आहेत. क्रिप्टो चलनाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या ट्रेझर या उपकरणात ('पाकिटात') एसटीएम३२एफ२०५ होती, लेव्हल २ लावलेली. २०१८ च्या केऑस या हॅकर परिषदेत ती ग्लिचने लेव्हल १ वर आणून दाखवली. लेव्हल १ वर फ्लॅश दिसत नाही, पण रॅम दिसते, आणि फर्मवेअर अपडेटच्या दरम्यान गुप्त शब्द रॅममध्ये येतात. झालं! २०२१ मध्ये ॲपलचा एअरटॅग बाजारात आल्यावर काही दिवसांतच त्यातल्या एनआरएफ५२८३२ चा बंद डिबग पोर्ट ग्लिचने उघडला गेला.

जुनाट_८०५१:

तुम्ही लोक हे नवं असल्यासारखं बोलताय.

खिडकीवाल्या ईप्रॉमच्या (अतिनील प्रकाशाने पुसल्या जाणाऱ्या मेमरीच्या) काळात लॉक बिट म्हणजे तसलीच एक ईप्रॉमची पेशी, मुख्य मेमरीपासून जराशी लांब. मेमरी काळ्या पट्टीने झाकायची, उरलेल्या जागेवर अतिनील दिवा धरायचा. लॉक पुसलं जातं, कोड तसाच राहतो. मग कंपन्यांनी लॉकच्या पेशीवर धातूचं झाकण घालायला सुरुवात केली. त्यावर बनी हुआंग यांनी पीआयसी१८एफ१३२० ही चिप दिव्याखाली तिरकी ठेवली, म्हणजे प्रकाश आपटून झाकणाच्या खाली शिरेल. शिरला!

पीआयसी१६सी८४ ची तर त्याहून सोपी गोष्ट. पुरवठ्याचं व्होल्टेज प्रोग्रॅमिंग व्होल्टेजच्या अर्धा व्होल्ट खालपर्यंत चढवायचं आणि सुरक्षा बिट पुन्हा पुन्हा लिहीत राहायचं. बरेचदा मेमरी न पुसता बिट तेवढा पुसला जायचा. हे रॉस अँडरसन आणि मार्कुस कून यांनी १९९६ मध्येच छापलंय.

आणि ज्यांना वाटतं की मेमरी एन्क्रिप्ट केली, म्हणजे सांकेतिक केली, की सुटलो, त्यांच्यासाठी डॅलस कंपनीची डीएस५००२एफपी ही चिप. बाहेरची मेमरी पूर्ण एन्क्रिप्ट केलेली, बँकांच्या यंत्रांत वापरत. कून यांनी १९९८ मध्ये ती चिप एन्क्रिप्शनची किल्ली न शोधताच फोडली. एका वेळी आठच बिट एन्क्रिप्ट होत, म्हणजे एका पत्त्यावर फक्त २५६ शक्यता. चिपला बाइट चारत जायचं आणि ती काय करते ते बघायचं. कुठला बाइट पोर्टवर काही लिहितो हे कळलं की कोष्टक भरत जायचं. शेवटी चिप स्वतःच स्वतःची मेमरी वाचून पोर्टवर ओकते. किल्लीला हात लावायची गरजच पडत नाही.

मधुमालती:

मला वेगळाच प्रश्न आहे, धाग्याला फाटा फुटला तर माफ करा. आमच्याकडे एक जुनं तपासणी यंत्र आहे, त्यात लॉक केलेली एटीमेगा मायक्रोकंट्रोलर चिप. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली, सोर्स कोड कुणाकडेच नाही, आणि चिप आता कुरकुरायला लागलीय. तिची प्रत काढून ठेवायची तर हाच उद्योग करावा लागेल का? की मीही चोरच ठरते?

चिमटा:

मालतीताई, स्वतःचं यंत्र चालतं ठेवणं आणि दुसऱ्याचा माल विकणं यात फरक आहेच, पण कायदा देशागणिक वेगळा, तेव्हा त्यावर मी बोलत नाही. तांत्रिक बाजू एवढीच की एटीमेगाचे लॉक बिट चिप पुसल्याशिवाय निघत नाहीत, आणि पुसताना आधी मेमरी जाते, मग लॉक. तो क्रम मुद्दाम तसा ठेवलाय. एकच चिप उरली असेल तर प्रयोग अजिबात करू नका. यंत्राच्या इनपुट-आउटपुटवर लॉजिक ॲनालायझर लावून ते काय करतं ते महिनाभर नोंदवा आणि तेवढंच वागणं नव्या चिपमध्ये लिहा. चिप फोडण्यापेक्षा हे बहुधा लवकर होतं.

काजवा:

पण मग आम्ही करायचं काय? सगळंच फुटतं तर लॉक लावायचंच कशाला? मला तर हे वाचून हात टेकल्यासारखं झालंय.

चिमटा:

हात टेकू नका. रास्पबेरी पायने आरपी२३५० या आपल्या मायक्रोकंट्रोलरबाबत केलं ते बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये चिप बाजारात आणतानाच आव्हान दिलं: आतल्या ओटीपीमधलं (एकदाच लिहिता येणाऱ्या मेमरीमधलं) गुपित काढा, १०,००० डॉलर घ्या. पुढे रक्कम दुप्पट केली. चिपमध्ये ग्लिच ओळखणारे डिटेक्टर होते, कोडची डिजिटल सही तपासूनच सुरू होणारं बूट होतं, कुणी आळस केलेला नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये चार विजेते जाहीर झाले, चौघांच्या वाटा वेगळ्या. एकाने ओटीपी वाचली जात असताना तिचा पुरवठा क्षणभर तोडून कायमचे बंद केलेले आरआयएससी-व्ही जातीचे कोअर आणि डिबग पोर्ट जिवंत केला. एकाने बूटच्या वेळी ग्लिच मारला. एकाने चिपच्या पाठीमागून लेझर मारला. एका चमूने तर आयन किरणांखाली ओटीपीचे बिट चक्क बघून वाचले.

मला यातून जी गोष्ट महत्त्वाची वाटते ती अशी. या चारही हल्ल्यांत हातात एक चिप धरून तिच्यावर दिवसेंदिवस काम करावं लागतं. एका चिपमधून निघालेलं गुपित फक्त त्या चिपचं असेल, तर ही मेहनत कुणी करणार नाही. एकाच किल्लीवर तुमचे सगळे बोर्ड चालत असतील, तर एक चिप फोडणं म्हणजे सगळ्या फोडणं. म्हणून 'कुठली चिप' याच्याआधी विचारा की आत असं काय आहे जे एकदा बाहेर पडलं की सगळीकडून बाहेर पडतं.

सोल्डरसम्राट:

चिमटा, इथे मी असहमत. किल्ली प्रत्येक बोर्डाला वेगळी देता येते, पण भारवाहींचं गुपित किल्ली नाहीच. मोटर उचलायचा कोडच त्यांचं गुपित आहे आणि तो सगळ्या बोर्डांत सारखाच असणार. तुमचा सल्ला कुलूप बनवणाऱ्याला लागू पडतो, मोटरवाल्याला नाही.

चिमटा:

मान्य. माझं घोडं भलत्याच रस्त्याला गेलं.

त्यांच्या बाबतीत समोरचा माणूस लेझरवाला नाही, हे धरून चालू. नक्कल करणाऱ्याला कोड समजून घ्यायचा नसतो. फाइल काढायची, हजार चिपमध्ये भरायची, इतकंच. म्हणून एफ१०३ सोडा. एखादी नवी मालिका घ्या, डिबग बंद करा. अपडेटची फाइल उघडी हेक्स (कोड जसाच्या तसा असलेली फाइल) म्हणून कुणाला पाठवत असाल तर आजच थांबवा, ती एन्क्रिप्ट करून आणि सही करून पाठवा. एसटीएम३२ मध्ये ९६ बिटांचा वेगळा ओळख क्रमांक असतो, त्याला कोड बांधा. डिसअसेंबलर (चिपमधले आकडे पुन्हा वाचता येतील अशा सूचनांत उलगडणारं साधन) वापरणारा माणूस ती तपासणी उडवेल हे खरंच, पण तसा माणूस बसवला की नकलेचा खर्च वाढतो. तपासणी एकाच ठिकाणी ठेवू नका, आणि चुकली तर बोर्ड लगेच बंद पाडू नका. मोटर उचलतानाचा एखादा गुणांक हळूच बिघडू द्या. नक्कल करणाऱ्याला वाटेल माल चाललाय, तक्रारी त्याच्या ग्राहकांकडून येतील.

निवांत_नारद:

हे शेवटचं वाचून तुमच्याशी वैर घ्यायची भीती वाटायला लागली.

जुनाट_८०५१:

गुणांक बिघडवायची कल्पना बरी आहे, पण मोटरच्या टोकाला माणसाचा हात असू शकतो. तिथे असले खेळ करू नका. बंद पाडायचं तर सरळ बंद पाडा.

आणि भारवाही, एवढ्या चर्चेत तुम्हाला कुणी मूळ गोष्ट विचारलीच नाही. 'आम्ही प्रोटेक्शन लावतो' म्हणालात. लागलंय का? कपाटातले तयार बोर्ड काढा, डिबगर लावा, वाचून बघा. माझ्या उमेदवारीच्या काळात एका ठिकाणी तीन वर्षं फ्यूज (चिपचं कुलूप लावणारे बिट) 'लावत' होते. प्रोग्रॅमरच्या खिडकीत खूण केलेली असायची आणि फ्यूज लिहायचं बटण वेगळं होतं.

भारवाही:

काल रात्री केलं. बारा बोर्ड घेतले, वेगवेगळ्या लॉटचे. नऊ बंद. तीन सताड उघडे, पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत फ्लॅश डोळ्यांसमोर.

सकाळी जोडणी करून देणाऱ्यांच्या ऑपरेटरला विचारलं. प्रोग्रॅमरमध्ये दोन जॉब आहेत. पहिला पुसतो, लिहितो, पडताळतो आणि शेवटी ऑप्शन बाइट, म्हणजे रीड प्रोटेक्शन ठरवणारी सेटिंग, लावतो. पडताळणीत बोर्ड नापास झाला की तो माणूस दुसरा जॉब चालवतो, ज्यात फक्त फ्लॅश लिहिली जाते. तो दुसरा जॉब मीच सुरुवातीच्या दिवसांत चाचणीसाठी बनवून दिला होता. त्याचं नावही 'टेस्ट' आहे. ते नाव वाचून मला मान वर करता आली नाही.

म्हणजे एक्सेप्शन नाही, ग्लिच नाही, काहीच नाही. त्यांनी एक बोर्ड विकत घेतला, डिबगर लावला आणि वाचला. फार तर चार-पाच घेतले असतील.

काजवा:

अरे देवा.

सोल्डरसम्राट:

वाईट वाटून घेऊ नका. तो जॉब आजच पुसा, आणि पडताळणीच्या शेवटी एक पायरी वाढवा: डिबगरने फ्लॅश वाचायचा प्रयत्न करायचा आणि वाचली गेली तर बोर्ड नापास. कुलूप लावलं की ओढून बघायचं, तसंच.

भारवाही:

ते आजच केलं. पण बाहेर गेलेल्या बोर्डांचं काय? अपडेट पाठवून कोडमधूनच प्रोटेक्शन लावता येईल का?

चिमटा:

येईल, आणि एफ१०३ मध्ये ते गमतीशीर सोपं आहे. तिथे ए५ हा एकच आकडा म्हणजे 'उघडं'. ऑप्शन बाइट पुसले की तिथे एफएफ येतं, म्हणजे आपोआप 'बंद'. पण त्याच पुसण्यात राइट प्रोटेक्शन (फ्लॅशवर लिहू न देणारं कुलूप) आणि वॉचडॉगची (अडकलेली चिप रीसेट करणाऱ्या घड्याळाची) सेटिंगही उडते, ती परत लिहा. नंतर नुसता रीसेट पुरेलच असं धरू नका, पुरवठा बंद करून चालू करायला सांगा.

एक खाच मात्र आहे. रीड प्रोटेक्शन लागलं की फ्लॅशच्या पहिल्या ४ किलोबाइटवर राइट प्रोटेक्शन आपोआप लागतं. तुमच्या अपडेटला त्या जागेत कधी लिहावं लागत असेल तर पुढचं अपडेट अडकेल.

भारवाही:

अपडेट उतरवून घेणारा बूटलोडर तिथे आहे, अपडेट त्याला कधीच शिवत नाही. त्यानंतरच्या जागेतच सगळं लिहिलं जातं. वाचलो.

आधी पाच बोर्डांवर करून बघतो. नक्कल निघाली ती निघाली, तो कोड आता परत येत नाही. आणि त्या अपडेटमध्ये ते स्पेलिंग एकदाचं दुरुस्त करून टाकतो.

जुनाट_८०५१:

मुळीच करू नका. त्या चुकीनेच तर चोर सापडला. उलट दर लॉटला वेगळी चूक घाला, म्हणजे पुढच्या वेळी कुठल्या लॉटमधून गेलं तेही कळेल.